ऑफिसचा कॉर्डलेस फोन: नवीन कामाला लागलेल्यांनी आधी हे वाचा

आंब्याचा सीझन जवळ आला की देवगडपासून रत्नागिरीपर्यंतच्या पॅकिंग शेडमध्ये नवीन पोरं-पोरी कामाला लागतात, कोणी ऑर्डर घ्यायला, कोणी पेट्या मोजायला, कोणी हिशोबाला. मोबाईल सगळ्यांनाच येतो. पण ऑफिसचा कॉर्डलेस हातात आला की प्रश्न सुरू होतात, हिरवं बटण दाबायचं की नुसता उचलला की चालू होतो, चार्जिंगची पिन कुठे लावायची, लाईट गेले की स्क्रीन दिसते पण फोन का लागत नाही. हे कोणी बसून शिकवत नाही, "बघून बघून येईल" म्हणतात, आणि एप्रिलात फोन वाजत असताना शिकायला वेळ कोणाला असतो? म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय. तुम्ही होमस्टेमध्ये असा, दवाखान्याच्या काउंटरवर असा नाहीतर बर्फाच्या कारखान्यात, बहुतेक सगळं असंच लागू होईल. मी आंब्याच्या ऑफिसची उदाहरणं देतोय कारण माझं रोजचं काम तेच आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. आपल्या किनाऱ्यावर कॉर्डलेस "बिघडला" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा फोन बिघडलेलाच नसतो. चार्जिंगच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा थर बसलेला असतो, किंवा आतले सेल संपलेले असतात. या दोन गोष्टी सांभाळल्या तर साधा फोनसुद्धा वर्षानुवर्षं चालतो, नाही सांभाळल्या तर महागातला पण एका पावसाळ्यात रडायला लागतो.

आधी कुठला भाग काय आहे ते बघा

हातात घेऊन फिरतो तो हँडसेट. टेबलावर किंवा भिंतीवर असतो तो बेस. बेसला दोन वायरी येतात, एक टेलिफोनची आणि एक अॅडॅप्टरची, दोन्ही लागतात. टेलिफोनची वायर नसेल तर डायल टोन नाही, अॅडॅप्टर नसेल तर बेसच मेलेला. जोडीला दुसरा हँडसेट असेल तर त्याच्यासोबत एक छोटी बैठक येते जिच्यात फक्त अॅडॅप्टरची वायर असते, तिला टेलिफोनची वायर लावायला जागाच नसते. ती नुसता चार्जर आहे. पुढे बैठक म्हटलं की हँडसेट ठेवायची जागा समजा, बेसवरची असो की ही. नवीन माणूस हमखास तिथे टेलिफोनचं भोक शोधत बसतो, शोधू नका.

हँडसेट बेसशी रेडिओने बोलतो. सध्याचे बहुतेक कॉर्डलेस डेक्ट नावाच्या पद्धतीवर चालतात, १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास, जुने काही २.४ गिगाहर्ट्झवाले अजून सापडतात. फरक एवढ्यासाठी माहीत हवा की २.४ वाला वायफायच्या आणि मायक्रोवेव्हच्या बाजूला ठेवला तर खरखर करतो, डेक्टवाल्याला तो त्रास फारसा नाही. तरी दोघांनाही राऊटरला चिकटवून ठेवू नका, हातभर लांब ठेवा.

बेस कुठे ठेवायचा

कंपनी खोक्यावर लिहिते घरात ५० मीटर, मोकळ्यावर ३०० मीटर. हे आकडे मोकळ्या मैदानाचे आणि पातळ भिंतींचे. आपल्याकडे चिऱ्याची जाड भिंत असते, वर लोखंडी सळ्यांचा स्लॅब, पुढे पॅकिंगची शेड पत्र्याची. पत्रा आणि सळई दोन्ही रेडिओला अडवतात, चिरा पण बराचसा खातो, त्यातून पावसात भिजलेला चिरा जास्तच. म्हणून बेस ऑफिसच्या आतल्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटावर, कॉम्प्युटरच्या मागे असा ठेवला तर शेडमध्ये पोचेपर्यंत आवाज तुटायला लागतो. ऑफिस आणि शेडच्या मधल्या दाराजवळ, डोक्याच्या उंचीला, भिंतीवर लावला तर तोच फोन शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नका, एक तर खारा वारा थेट लागतो आणि दुपारनंतर पश्चिमेचं ऊन सरळ त्याच्यावर येतं, उन्हाने सेल लवकर मरतात.

पहिल्याच दिवशी हे करा. सोबतच्या कोणाच्या तरी मोबाईलवर फोन लावा, बोलत बोलत शेडमध्ये, मागच्या खळ्यात, गेटपर्यंत चाला, आणि आवाज कुठे तुटतो ते बघून ठेवा. बहुतेक हँडसेट रेंज संपायला आली की टुक टुक असा इशारा देतात, तो आला की दोन पावलं मागे या. पुढच्या वेळी गिऱ्हाईक बोलत असताना त्या जागेपलीकडे जायचंच नाही. शेड फारच लांब असेल तर काही मॉडेलना रेंज वाढवणारा रिपीटर मिळतो, तो त्याच कंपनीचा आणि त्या मॉडेलला चालणारा आहे का ते विचारूनच घ्यावा लागतो.

सेल कुठले घालायचे

इथे थोडं थांबून वाचा, कारण फोनचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

हँडसेटचं मागचं झाकण सरकवलं की बहुतेक ठिकाणी दोन बारीक सेल दिसतात, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात त्या मापाचे, ट्रिपल ए. पण हे रिमोटवाले सेल नाहीत. हे रिचार्जेबल आहेत, निकेल मेटल हायड्राइडचे, प्रत्येकी १.२ व्होल्ट, अंगावर ५५० किंवा ७०० किंवा ७५० अशी एमएएच लिहिलेली असते, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. दुकानातला साधा सेल १.५ व्होल्टचा असतो, तो दिसायला डिट्टो तसाच, आणि बसतो पण बरोब्बर. अडचण अशी की हँडसेट बैठकीत ठेवला की बैठक त्या साध्या सेलमध्ये पण करंट ढकलत बसते. साधा सेल चार्ज होण्यासाठी बनवलेलाच नाही, तो गरम होतो, गळतो, कधी फुटतो पण, आणि गळलेलं पाणी आतल्या स्प्रिंगा आणि पट्ट्या खाऊन टाकतं. तेव्हा "आजच्या पुरतं चालवू" म्हणून बाजारपेठेतल्या दुकानातून साधे सेल आणून घालू नका. घालावेच लागले इतकी अडचण असेल तर तो हँडसेट बैठकीत अजिबात ठेवायचा नाही, पण ऑफिसात चार हात असतात, कोणीतरी ठेवतोच. त्यापेक्षा ड्रॉवरमध्ये रिचार्जेबल सेलची एक जादा जोडी कायम ठेवलेली बरी.

बदलताना दोन्ही सेल एकदम बदला. एक नवा एक जुना असं केलं की जुना आधी रिकामा होतो, नवा त्याला ओढत राहतो आणि दोघांचंही आयुष्य कमी होतं. फार जास्त एमएएचचे घेतले की फोन जास्त चालेल असं वाटतं, पण कित्येक बैठका ठरलेल्या वेळापुरतं किंवा ठरलेल्या करंटनेच चार्ज करतात, त्यामुळे मोठा सेल अर्धवटच भरतो. फोनसोबत आले होते त्याच्या आसपासचा आकडा घ्या. अधिक-उणेची खूण बघून घाला. काही जुन्या मॉडेलमध्ये दोन सेलऐवजी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला वायरवाला पॅक असतो, त्याची पिन एकाच बाजूने जाते, जोर लावू नका.

पहिलं चार्जिंग

नवीन सेल घातले की लगेच फोन लावायला जाऊ नका. हँडसेट बैठकीत ठेवा आणि मॉडेलप्रमाणे ७-८ तास, काही मॉडेलना १५-१६ तास सांगतात, तेवढा वेळ सलग राहू द्या. संध्याकाळी ऑफिस बंद करताना ठेवला की सकाळपर्यंत काम होतं. ठेवताना नुसता टेकवायचा नाही, बीप ऐकू येतो किंवा दिवा लागतो किंवा स्क्रीनवर बॅटरीच्या कांड्या हलायला लागतात, यातलं काहीतरी दिसलं-ऐकलं तरच हात सोडा. हे एवढं जरी नवीन माणसाने पाळलं तरी निम्मी कटकट संपते. रात्रभर हँडसेट बैठकीत "होता" पण पट्ट्या टेकल्याच नव्हत्या आणि सकाळी नऊला मुंबईचं गिऱ्हाईक बोलतंय तेवढ्यात फोन मेला, असं ज्या ज्या ऑफिसात होतं तिथे कारण बहुतेक हेच.

पुढे रोजचं कसं? लोक विचारतात, सारखा बैठकीत ठेवला तर सेल खराब होत नाही का, पूर्ण उतरवूनच लावायचा ना. ती सवय जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या काळातली. आताच्या निकेल मेटल हायड्राइडला तो त्रास नावापुरता आहे, आणि बैठक सेल भरल्यावर अगदी थोडा करंट देत राहते. उलट हँडसेट दिवस दिवस टेबलावर पडून राहिला तर सेल आपोआप उतरतो, उन्हाळ्याच्या गरमीत जास्तच. म्हणून सरळ नियम, बोलणं झालं की बैठकीत. संध्याकाळी निघताना तर शंभर टक्के बैठकीत. सेल चांगले असतील तर भरलेला हँडसेट साधारण १० ते १५ तास बोलण्यापुरता चालतो आणि नुसता पडून असेल तर आठवडाभर तग धरतो. हे नवीन सेलचं झालं. दोन-तीन वर्षांनी तोच फोन एका लांबलचक कॉलमध्ये टुं टुं करायला लागला तर समजा सेल बदलायची वेळ आली, फोन बदलायची नाही.

बैठकीत असताना हँडसेट किंचित कोमट लागतो, अॅडॅप्टर पण कोमट लागतो, ते ठीक. चटका बसेल इतका गरम, किंवा झाकण फुगल्यासारखं दिसलं, तर लगेच काढून सेल बाहेर.

अॅडॅप्टरची गंमत करू नका. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सारख्या दिसणाऱ्या काळ्या अॅडॅप्टरची गुंतवळ असते, राऊटरचा १२ व्होल्टचा, फोनचा ५.५ किंवा ६ किंवा ६.५ व्होल्टचा, पिन कधी कधी एकमेकांत बसते. बसते म्हणून चालते असं नाही. जास्त व्होल्टचा लावला की बेस जळू शकतो. अॅडॅप्टरवर "फोन" असं लिहून पांढरी चिकटपट्टी लावून टाका, पाच मिनिटांचं काम.

खारी हवा आणि आंब्याचा चीक

हँडसेटच्या बुडाला बघा, दोन छोट्या चकचकीत पट्ट्या दिसतील, आणि बैठकीत त्यांच्या समोर दोन स्प्रिंगसारख्या पट्ट्या. सगळा करंट या चार ठिपक्यांतून जातो. समुद्राजवळ हवेतून मीठ येतं, दमट हवेत ते मीठ ओलं राहतं, आणि त्या पट्ट्यांवर आधी मळकट, मग हिरवट थर चढतो. वरून बघितलं तर डाग वाटतो, पण करंट अडायला तेवढा पुरतो. हँडसेट बैठकीत व्यवस्थित बसलेला, अॅडॅप्टर चालू, आणि तरी चार्ज होत नाही, अशा वेळी सगळ्यात आधी इथे बघा.

आंब्याच्या ऑफिसात दुसरा शत्रू चीक. आंबा झाडावरून उतरवला, देठ मोडला की तिथून पाण्यासारखा थेंब येतो, तो हाताला लागलेला असतो आणि त्याच हाताने फोन उचलला जातो. चीक वाळला की चिकट, काळपट होतो, बटणांच्या फटीत शिरतो, पाचाचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं, आणि बुडाच्या पट्ट्यांवर बसला की वार्निशसारखा थर तयार होतो. त्यात पेंढ्याचं कूस चिकटलं की झालंच. शेडमधल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, चिकाच्या हाताने फोन घ्यायचा नाही, शेजारी एक फडका टांगलेला असू दे. फोन वाजतोय म्हणून धावत येणाऱ्याला रागावू नका, त्याला फडका हातात द्या.

साफ करायची पद्धत अशी. पहिल्यांदा अॅडॅप्टर भिंतीतून काढायचा, नंतरच हात लावायचा. मग सुक्या सुती कपड्याने चारही ठिपके पुसायचे. थर तरी राहिला तर पेन्सिलीचं साधं खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासायचं, रबराचा भुगा ब्रशने काढायचा. चीक असेल तर रबराने निघत नाही, त्याला मेडिकलमध्ये मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीला थोडं लावून पुसायचं आणि पूर्ण वाळल्यावरच अॅडॅप्टर लावायचा. पॉलिश पेपर, ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर यांनी खरवडू नका, वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि मग गंज दुप्पट वेगाने चढतो. खोबरेल तेल लावायची पण सवय काहींना असते, तेलावर धूळ आणि मीठ दोन्ही चिकटतं, नको.

सीझनमध्ये आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात त्याहून जास्त वेळा पुसलं तर खोडरबरापर्यंत जायची वेळच येत नाही. सेलच्या खणातल्या स्प्रिंगा पण महिन्यातून एकदा उघडून बघा, तिथे पण हिरवं धरतं.

पाण्यात किंवा बर्फाच्या खोक्यात पडला तर आधी सेल बाहेर, बटणं दाबून "चालतोय का" बघायचं नाही. पुसा, झाकण उघडं ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरायची गरज नाही, वाहती हवाच काम करते. खाऱ्या पाण्यात पडला असेल तर दुकानात उघडून साफ करून घ्यावा लागतो, कारण पाणी सुकलं तरी मीठ आत राहतं आणि ते आतलं सर्किट हळूहळू खात जातं.

फोन घेणं, लावणं

फोन वाजला की बैठकीतून उचलल्यावर काही हँडसेट आपोआप चालू होतात, काहींना हिरवं बटण दाबावं लागतं. ही सेटिंग असते, तुमच्या ऑफिसात कशी आहे ते पहिल्या दिवशी विचारा. नाहीतर उचलल्यावर पण हिरवं दाबलं जातं आणि काही मॉडेलमध्ये त्याने भलतंच होतं, स्पीकर चालू होतो किंवा कॉल कट. बोलणं झालं की लाल बटण, किंवा बैठकीत ठेवलं तरी कट होतो. टेबलावर उपडा ठेवून निघून गेलात आणि लाल दाबायचं राहिलं तर लाईन एंगेज राहते, बाहेरून तासभर कोणाचाही फोन लागत नाही, आणि आत कोणाला पत्ताच नसतो. फोन बराच वेळ वाजला नाही तर आधी हे तपासा.

लावताना दोन रीती आहेत. एक, आधी हिरवं दाबून टोन आला की नंबर, दुसरी, आधी नंबर आणि मग हिरवं. आधी नंबर टाईप करून मग हिरवं दाबलं तर चुकलेला आकडा खोडता येतो, म्हणून नवीन माणसाने हीच वापरावी.

आता शून्याचा घोळ, जो जवळपास प्रत्येकाला पडतो. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावायचा तर आधी ० लावावा लागतो, शेजारच्या वाडीतला मोबाईल असला तरी. म्हणजे ० आणि पुढे दहा आकडे. शिवाय ऑफिसात ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसपुरतं छोटं एक्सचेंज असेल, आणि गेट, शेड, ऑफिस, घर अशी आतली एक्स्टेंशन असतील, तर बाहेरची लाईन घ्यायलाच बऱ्याच ठिकाणी आधी ० दाबतात. अशा ठिकाणी मोबाईलला लावताना दोन शून्यं होतात, पहिलं बाहेर पडायला, दुसरं मोबाईलचं. मुंबईची लँडलाईन असेल तर पहिलं ० बाहेर पडायचं, मग ०२२ आणि नंबर. काही एक्सचेंजमध्ये बाहेरच्या लाईनला ९ असतो, विचारून घ्या आणि बेसच्या बाजूला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. त्याच कागदावर ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि समुद्रात कोणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ पण लिहा, आणि हे नंबर आधी ० दाबून लागतात की थेट, ते ऑफिसच्या एक्सचेंजवाल्याकडून आधीच समजून घ्या. धावपळीत शोधायची ती गोष्ट नाही.

कॉल दुसऱ्याला द्यायचा असेल तर आर किंवा फ्लॅश लिहिलेलं बटण एकदा दाबा, टोन येईल, मग एक्स्टेंशनचा नंबर, तिकडच्याने उचललं की "पुण्याचा फोन आहे, दोन पेट्यांची चौकशी" असं सांगा आणि मग लाल दाबा. न सांगता नुसता ढकलला तर गिऱ्हाईकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, वैताग येतो माणसाला. फ्लॅश दाबल्यावर कॉलच कट होत असेल तर बटण खराब नाही, फ्लॅशचा वेळ जुळत नाही. सेटिंगमध्ये १००, ६०० असे मिलीसेकंदाचे आकडे असतात, एक्सचेंजला जो चालतो तो ठेवायचा.

म्यूट आणि होल्ड एक नाही. म्यूट केलं तर तिकडच्याला तुमचा आवाज जात नाही, पण त्याचा तुम्हाला येतो. होल्ड केलं तर दोघांनाही एकमेकांचं ऐकू येत नाही, त्याला ट्यून वाजते. शेडमध्ये कोणाला तरी "पाच डझनी तयार हत का रे?" विचारायचं असेल तर म्यूट नाहीतर होल्ड काहीतरी दाबा, हाताने फोन झाकून काही होत नाही, सगळं ऐकू जातं. आणि पत्ता, डझन, पिनकोड, मोबाईल नंबर उलट वाचून दाखवा, कॉर्डलेसवर तीन आणि तीस सारखे ऐकू येतात.

हँडसेट सापडत नाही तेव्हा

"फोन खंय ठेवलंस गो?" हे वाक्य सीझनमध्ये सतत कानावर पडतं. पेंढ्यात, खोक्यांच्या थप्पीवर, कधी अढीच्या खोलीत. बेसवर एक बटण असतं, त्याच्यावर पेज किंवा शोधण्याची खूण असते, ते एकदा दाबलं की हँडसेट जिथे असेल तिथे वाजायला लागतो. सेल पूर्ण उतरला असेल तर मात्र वाजणार नाही. पेटी बंद करताना आत राहिलेला हँडसेट वाशीच्या मार्केटला जाण्याआधी शोधलेला बरा, म्हणून शेडमध्ये त्याच्यासाठी एक खुंटी किंवा दुसरी बैठक ठरवून टाका आणि हातात नसेल तर फोन तिथेच, बाकी कुठे नाही.

स्क्रीनवर "सर्चिंग" किंवा "रजिस्टर" असं काही आलं तर हँडसेट बेसपासून तुटला आहे. आधी बेसचा अॅडॅप्टर बघा, कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावायला काढलेला असतो. तो ठीक असेल तर बेसवरचं तेच शोधायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, हँडसेटच्या मेनूत रजिस्टर निवडायचं, पिन विचारला तर बहुतेक कंपन्यांचा सुरुवातीचा ०००० असतो. एका बेसला मॉडेलप्रमाणे चार-सहा हँडसेट जोडता येतात.

लाईट गेले, वीज कडाडली

हँडसेटमध्ये सेल आहेत म्हणून तो लाईट गेल्यावर पण चालेल असं नवीन माणसाला वाटतं. हँडसेट चालू असतो, स्क्रीन दिसते, पण बेस बंद, आणि बेसशिवाय हँडसेट म्हणजे नुसतं खेळणं. आपल्याकडे वादळवाऱ्यात लाईट जाणं नवीन नाही, मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, आणि तो ऐन आंब्याचा काळ. म्हणून दोन गोष्टी करून ठेवा.

लाईन जुनी तांब्याची असेल तर ऑफिसात एक साधा वायरवाला फोन ठेवा. त्याला वीज टेलिफोन कंपनीच्या एक्सचेंजमधून लाईनवरूनच येते, साधारण ४८ व्होल्ट, त्यामुळे घरचे लाईट गेले तरी तो चालतो. पण आता बऱ्याच ठिकाणी लँडलाईन फायबरवरून येते, भिंतीवरच्या डब्यातून टेलिफोनची वायर निघते. तिथे डबाच लाईटवर चालतो, त्यामुळे वायरवाला फोन पण बंद पडतो. अशा ठिकाणी फायबरचा डबा आणि कॉर्डलेसचा बेस दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एक इन्व्हर्टरवर आणि दुसरा साध्या प्लगवर असेल तर उपयोग शून्य. बेस खूप कमी वीज खातो, छोटा यूपीएस पण तासन्‌तास पुरतो. फक्त राऊटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस घेतलात तर त्याची १२ व्होल्टची पिन फोनच्या बेसमध्ये घालू नका, वर अॅडॅप्टरचं सांगितलं तेच इथे.

विजा मे महिन्यात वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात जास्त. गडगडायला लागलं की बेसचा अॅडॅप्टर आणि टेलिफोनची वायर, दोन्ही काढा. नुसता अॅडॅप्टर काढून भागत नाही, तांब्याच्या लाईनवरून येणारा झटका टेलिफोनच्या वायरीतून बेसमध्ये शिरतो आणि त्यात बेस जळतो. अशा वेळी वायरवाल्या फोनवर बोलू पण नका, अगदीच गरज असेल तर मोबाईल वापरा. पाऊस थांबल्यावर पुन्हा लावताना टेलिफोनची पिन टिक असा आवाज येईपर्यंत आत गेली ना ते बघा.

सीझन संपला की

जूनमध्ये शेड बंद होते, ऑफिस चार महिने जवळपास रिकामं. तेव्हा शेडमधला हँडसेट बैठकीत तसाच सोडून जाऊ नका. सेल काढा, हँडसेट आणि बैठक पुसून घ्या, बुडाचे चार ठिपके साफ करा, सुक्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकण घट्ट लावा. सेल वेगळ्या पिशवीत, एकमेकांची टोकं लागणार नाहीत असे. पुढच्या मार्चमध्ये सेल घातल्यावर पहिल्यासारखं पूर्ण चार्जिंग द्यायचं, तरी लवकर उतरत असतील तर नवीन जोडी घ्यायची. जुने सेल कचऱ्यात किंवा बागेत टाकू नका, विहिरी आपल्याच आहेत. जिथून नवीन घेता त्या दुकानदाराला परत घेतो का विचारा, २०२२ पासून बॅटरीच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. तोपर्यंत एका बरणीत साठवा आणि कणकवली-कुडाळकडे फेरी झाली की नेऊन द्या.